किल्लेकोट

वडील बोटीवर आहेत, हे मला
त्यांच्या घोड्यावरून कळतं.
पाचव्याच खेळीला घोडा पटाच्या मधोमध, एकटा,
बाकीचं सैन्य अजून अंथरुणात.

मी अंतोफगास्ताच्या वाळवंटात,
तांब्याच्या खाणीच्या वजनकाट्यावर.
ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला,
मॅजेलनच्या सामुद्रधुनीतून गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीवर
दोर टाकणारे एलिएसेर बारिएन्तोस, वय एकसष्ट.
पलीकडे पोचायला वीस मिनिटं,
आणि दहा-दहा मिनिटांचा एक डाव.
हा हिशेब त्यांचा. कंपनीला माहीत नाही.

सुरुवातीला गुण होते आठशे चार.
तेव्हा ते फक्त शह द्यायचे.
दिसला शह की द्यायचाच,
ओळखीचं माणूस दिसलं की हात करतात तसा.
वजीर दारोदार फिरून यायचा
आणि अकराव्या खेळीला कुणाच्या तरी प्याद्याच्या हातून मरायचा.
मी फोनवर विचारायचे, "जेवलात?"
डाव पाहिलाय, हे सांगायचे नाही.

नऊशे साठ. पहिला हिवाळा.
उंट कोपऱ्यात बसवून लांबून दम द्यायला शिकले.
उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच,
फक्त त्या बाजूला मेंढ्या असतात.
हत्ती मात्र जागचे हलायचे नाहीत,
बोटीवर चढवलेल्या ट्रकांसारखे,
चाकांना ठोकळे लावून.

अकराशे. इथे सव्वा वर्ष अडकले.
जिंकत आलेला डाव हरायचे.
पटावर चूक एकही नाही, वजीर शाबूत, तीन प्यादी जास्त,
आणि त्यांचं घड्याळ एकटंच चालत राहायचं
शून्यापर्यंत.
मला वाटायचं, विचार करतायत.
ऐन मध्यावर रेंज जाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
तेवढा वेळ ते फोन खिशात टाकून
बोटीबरोबर पळणाऱ्या काळ्यापांढऱ्या डॉल्फिनांकडे बघत बसतात म्हणे.
मग त्यांनी शोधून काढलं:
मारामारी आधीच उरकून घ्यावी,
मध्यावर समोरच्याला बराच विचार पडेल असं काहीतरी ठेवून द्यावं,
आणि रेंज आली की पाहावं, काय उरलंय.
याला पुस्तकात नाव नसेल.
यावरच ते तेराशेला पोचले.

एका ऑगस्टात, सरळ जिंकलेल्या डावात,
प्यादं वजीर व्हायला दोन घरं उरलेली,
त्यांनी बरोबरी मागितली.
त्यांनी! जे एकटा राजा उरला तरी
शेवटच्या घरापर्यंत पळतात.
मी काटा तसाच सोडून फोन लावला.
छाती? चक्कर?
"अगं, फळी खाली घ्यायची होती.
मेंढ्यांचे तीन ट्रक, आणि मागच्या गाडीत एक बाई, कळा सुरू झालेली.
थांबा म्हणू?"
मग जरा वेळाने,
"तुला कसं कळलं?"

कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस नीट बसतो.
हे उलटेच. वजिराचे बळी देऊ लागले,
चारातले तीन फुकट.
तेराशे चाळीस, बाराशे नव्वद, बाराशे एकाहत्तर.
"बघितलास ना कालचा?" असं विचारायचे,
हरलेल्याबद्दलच.

राजाला किल्ल्यात नेणं मात्र त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.
"भिंतीआड बसून दिसतं काय?"
राजा आपला मधल्याच घरात, वाऱ्यात,
एका हाताने टोपी धरून.

काल संध्याकाळी, कुणा अनोळख्याशी,
सहाव्याच खेळीला किल्लेकोट.
हत्ती राजाला ओलांडून आत आला.
पुढे तीन प्यादी, एकही हललेलं नाही.
घोडा पेंड खात बसावा तसा मागेच.
डाव सावकाश चालला. रेंज एकदाही गेली नाही.
एकेचाळीस खेळ्या. मात.
चौदाशे अकरा, आजवरचा सगळ्यांत मोठा आकडा.

अभिनंदनाला फोन केला.
"गुडघा जरा," एवढंच म्हणाले.
मागे वारा नव्हता.
एक हीटर घुमत होता,
आणि काचेवर नाणं वाजवून कुणीतरी
परतीचं तिकीट मागत होतं.